शाळेतले जागरूकता दिन बंद करावेत का?

इंदिरानगरचा पालक

प्राथमिक शाळांनी जागरूकता दिन साजरे करणे थांबवावे, असे माझे मत झाले आहे आणि त्यावर नाशिकमधील शिक्षक व पालकांची मते जाणून घ्यायची आहेत. मुलांनी दुसऱ्याची काळजी घ्यायला शिकू नये असे मला म्हणायचे नाही; ते ज्या पद्धतीने शिकवले जाते, तिच्यामुळे नेमके उलटे शिकले जाते, एवढाच माझा मुद्दा आहे. ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन घ्या. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९२ साली सुरू केला तेव्हा त्यामागे समाजातील बरोबरीच्या सहभागाचा विचार होता. आपल्याकडच्या अनेक शाळांत मात्र त्या दिवशी परिपाठात घोषवाक्ये होतात, प्रभातफेरी निघते, एक-दोन दिव्यांग मुलांना व्यासपीठावर बसवून गुलाबाचे फूल दिले जाते, फोटो काढले जातात आणि संध्याकाळपर्यंत अहवाल वर जातो. कालपर्यंत जो मुलगा तिसऱ्या बाकावरचा साधा सवंगडी होता, तो आज सगळ्या शाळेसमोर ‘तसा’ ठरतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायऱ्या तेवढ्याच असतात आणि मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत डबा उघडणारेही तेवढेच.

डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना चालायला लावण्याचा प्रकार मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. पट्टी बांधलेले मूल घाबरते, धडपडते आणि दृष्टिहीन माणसाचे आयुष्य म्हणजे निव्वळ हाल, असा निष्कर्ष घेऊन जागेवर परतते. कारण दृष्टिहीन माणसाने काठी, आवाज आणि स्पर्श यांच्या आधारे वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेले कौशल्य त्या पाच मिनिटांत कोणालाच दिसू शकत नाही. त्यापेक्षा हे दिवस दिनदर्शिकेतून काढून टाकावेत आणि तो वेळ वर्गातल्या रोजच्या वागणुकीकडे लक्ष देण्यात घालवावा.

परिपाठवाल्या बाई

मी पंचवटीत प्राथमिक शिक्षिका आहे. आपण वर्णन केलेला सोहळा मीही पाहिलेला आहे आणि त्यातला गुलाबाचा भाग मलाही आवडत नाही. तरीही दिवसच रद्द करा या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. ‘रोजच्या वागणुकीतून शिकवू’ हे ऐकायला सुंदर असले, तरी ज्या गोष्टीला वेळापत्रकात जागा नसते, ती शाळेत होत नाही, हा आमचा व्यवसायातला अनुभव आहे. परिपाठात दिनविशेष वाचलाच जातो. त्या निमित्ताने मला मुख्याध्यापकांकडे एक तास मागता येतो आणि तो नाकारणे त्यांना अवघड जाते. शिवाय दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, कलम ३९ मध्ये, शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर अपंगत्वाविषयी जाणीव निर्माण करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. ती पार पाडायची कधी, याला काही तरी उत्तर हवेच.

गर्दी मात्र आहे, हे मान्य. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन असतो, त्याच दिवशी हात धुण्याचा जागतिक दिवस असतो आणि पांढऱ्या काठीचा दिवसही त्याच तारखेला येतो, त्यामुळे एकाच सकाळी मुलांनी पुस्तक वाचायचे, साबण लावायचा आणि दृष्टिहीनांचा विचारही करायचा, अशी त्रेधा उडते. मी त्यातले दोन एकत्र केले. वाचन प्रेरणा दिनाला आम्ही ब्रेल वाचतो. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘अ’साठी पहिला ठिपका आणि ‘क’साठी पहिला व तिसरा ठिपका असतो, पुठ्ठ्यावर उंचवट्याच्या टिकल्या चिकटवून मुले स्वतःचे नाव तयार करतात आणि मग शेजाऱ्याच्या कार्डावरचे नाव बोटांनी ओळखायचा प्रयत्न करतात. पाचवीच्या मुलांना मी विचारते की सहा ठिपक्यांतून किती वेगवेगळ्या खुणा होतील. दोन ठिपके, मग तीन ठिपके असे करत काही जण चौसष्टपर्यंत पोहोचतात आणि त्यातली एक जागा पूर्ण कोरी आहे हे कोणाच्या तरी लक्षात आले की त्रेसष्ट हे उत्तर मिळते. या तासात कोणाचीही कीव करायला सवड नसते. मुले बोटांनी वाचता येण्याच्या कल्पनेने चक्रावलेली असतात. दिवस वाईट नसतो, त्या दिवशी आपण काय करतो ते वाईट असू शकते.

सिडकोतला बाप

बाईंचे म्हणणे पटते, परंतु सगळ्या तारखा ऑक्टोबरमध्ये येत नाहीत. २१ मार्चचा डाऊन सिंड्रोमचा दिवस आणि २ एप्रिलचा स्वमग्नतेचा दिवस वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत येतात. तेव्हा शाळेला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो आणि पालकांना उजळणी हवी असते, त्यामुळे व्हॉट्सॲप गटावर एक रंगीत चित्र टाकले की दिवस संपतो.

चौथीतल्या मुलीची आई

माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे आणि ती गंगापूर रोडवरच्या एका साध्या शाळेत जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. २१ मार्च ही तारीख उगाच निवडलेली नाही. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्यामुळे ही स्थिती निर्माण होते आणि २१/३ या आकड्यांत तेच सांगितलेले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ पासून तो दिवस पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालण्याची प्रथा जगभर आहे, कारण गुणसूत्रांची जोडी दिसायला मोज्यांसारखी असते.

इंदिरानगरचे दादा म्हणतात की असे दिवस मुलाला वेगळे पाडतात. मला त्यांना विचारायचे आहे की दिवस पाळला नाही, तर माझी मुलगी वेगळी दिसत नाही काय? वर्गातली मुले पहिलीपासून तिच्याकडे पाहतात, ती हळू का बोलते, तिला बेरजेला वेळ का लागतो, असे प्रश्न त्यांना पडतात आणि मोठी माणसे ‘असे विचारू नये’ म्हणून त्यांना गप्प करतात. गप्प केलेला प्रश्न मुलांच्या डोक्यातून जात नाही. त्याचे उत्तर ती स्वतःच शोधतात आणि ‘तिचा आजार आपल्याला लागेल’ इथपर्यंत जाऊन पोहोचतात. वर्गशिक्षिकेने तारखेचे निमित्त करून हा आजार नाही, तो लागत नाही आणि ती शिकते पण सावकाश शिकते, एवढे तीन वाक्यांत सांगितले, तेव्हा तो विषय मिटला. आधी मला आणि मुलीलाही विचारले होते, हे महत्त्वाचे. व्यासपीठावर बसवायचे असते तर मी नाही म्हटले असते.

इंदिरानगरचा पालक

ताई, आपण सांगितलेली गोष्ट मी आनंदाने मान्य करतो, पण तिच्यात दिवसापेक्षा शिक्षिकेचा वाटा मोठा आहे. अशी शिक्षिका जुलैमध्येही तीच तीन वाक्ये बोलली असती आणि आठ महिने आधी बोलली असती तर जास्त बरे झाले असते. माझी खरी तक्रार ‘काळजी घ्या’ या शिकवणुकीविषयी आहे. आपल्या शाळांत एखाद्या हुशार, शांत मुलीला दिव्यांग मुलाची मदतनीस नेमतात. तिने त्याचे दप्तर उचलायचे, वही पूर्ण करायची आणि त्याबद्दल वर्षाच्या शेवटी कौतुक मिळवायचे. त्यातून बाकीच्या चाळीस मुलांची सुटका होते आणि त्या मुलाला मित्र मिळण्याऐवजी एक वयाने बरोबरीची ताई मिळते.

नाशिकरोडचे आजोबा

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे आणि या चर्चेत मूळ प्रश्न बाजूला राहतो आहे, असे मला वाटते. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली याच शहरात प्रबोधिनी ट्रस्टच्या माध्यमातून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम उभे केले, तेव्हा अशा मुलांना शिकवता येते हेच पुष्कळांना मान्य नव्हते. तिथली शिकवण्याची पद्धत, मुलामागे दिले जाणारे लक्ष आणि पुढे हाताला काम मिळावे म्हणून होणारी तयारी यांच्याशी साठ मुलांच्या वर्गाने स्पर्धा करू नये. सामान्य शाळेत विशेष शिक्षक ठरावीक दिवशी फेरीला येतो आणि बाकीचे दिवस ते मूल वर्गात नुसते बसून असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दिव्यांग दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, ते प्रत्यक्षात आणल्याखेरीज मुलांकडून सामावून घेण्याच्या शपथा म्हणवून घेणे म्हणजे मोठ्यांनी करायचे काम लहानांवर ढकलणे होय.

परिपाठवाल्या बाई

सर, शेवटचे वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. परंतु विशेष शाळा की साधी शाळा हा निर्णय आपण दोघांनी करायचा नाही. मी वर सांगितलेल्या २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ ने सहा ते अठरा वयोगटातील चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना जवळची शाळा किंवा विशेष शाळा यांतली आपल्या पसंतीची निवडण्याचा आणि तिथे मोफत शिकण्याचा हक्क दिलेला आहे. ज्यांनी माझी शाळा निवडली, त्यांना ‘शिक्षक येईपर्यंत थांबा’ असे मी सांगू शकत नाही.

काळाराम गल्लीतला विद्यार्थी

मी बी.एड. करतो आहे आणि मला वरच्या सगळ्या प्रतिक्रियांत एक गोष्ट खटकते: समावेशन म्हणजे दयाळूपणा, असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. ज्या शहरात आपण ही चर्चा करत आहोत, तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या साथीने काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे अनेक वर्षे चालू राहिला. त्या सत्याग्रहींनी कोणाला काळजी घ्यायला सांगितले नव्हते. दार सर्वांसाठी उघडा, एवढीच मागणी होती आणि ती मान्य होत नाही हे पाहून बाबासाहेबांनी १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. आमच्या सराव पाठांत मात्र सामावून घेण्याच्या विषयात जात येत नाही, डोंगराळ तालुक्यांतून आलेल्या मुलाच्या बोलीला हसणारा वर्ग येत नाही, फक्त चाकाची खुर्ची येते, कारण तिच्याबद्दल बोलताना कोणाच्या घरात वाद होत नाही. मुलांना काळजी शिकवण्यापेक्षा हक्क शिकवावा, असे मला वाटते. काळजी घेणाऱ्याचा मूड गेला की ती थांबते. हक्काचे तसे नसते.

परिपाठवाल्या बाई

विचार मोलाचा आहे, पण सात वर्षांच्या मुलाला हक्क ही कल्पना कळत नाही, त्याला ‘त्याला लागले, तो रडतो आहे’ हे कळते. तिथून सुरुवात केली तर पाचवी-सहावीत काळाराम मंदिरापर्यंत जाता येते. सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून केली, तर मुले वाक्य पाठ करतील आणि परीक्षेत लिहून मोकळी होतील.

काळाराम गल्लीतला विद्यार्थी

बाई, सात वर्षांच्या मुलाला हक्क उत्तम कळतो. झोपाळ्यावर ‘आता माझी पाळी’ म्हणून भांडणारे मूल दुसरे काय सांगत असते? फक्त तीच पाळी ज्याला मागता येत नाही त्याचीही आहे, हे त्याला शिकवायचे आहे.

सुरगाण्याचे गुरुजी

आमच्या पाड्यावरच्या दोन शिक्षकी शाळेत ना व्यासपीठ आहे ना अहवालासाठी धड इंटरनेट. पायाने अधू असलेल्या मुलाला पावसाळ्यात ओहोळ ओलांडायला मोठी मुले पाठीवर घेतात आणि हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. तरी तोच मुलगा कबड्डीत रेषेबाहेर बसून गुण मोजतो. ओहोळाला पाठ देणारी मुले त्याला मैदानात घेत नाहीत, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

चौथीतल्या मुलीची आई

गुरुजी, मला तो थोडाफार झाला आहे. आपल्या प्रत्येक खेळात कच्चा लिंबू असतो. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण तो आउट झाला तरी धरायचे नाही, ही आपली जुनी आणि तशी प्रेमळच सोय. माझी मुलगी गेली चार वर्षे कच्चा लिंबू आहे. मुले तिच्याशी चांगली वागतात, तिला पळायला लावतात, टाळ्या वाजवतात. मात्र तिच्या आउट होण्याने डाव बदलत नाही आणि हे तिला कळते. दुसऱ्यांची लहान भावंडे मोठी होऊन खऱ्या डावात गेली, ती तिथेच राहिली. कोणत्याही जागरूकता दिनाने तिला खऱ्या डावात आणलेले नाही, एवढे इंदिरानगरच्या दादांना मी देऊन टाकते.

खेळाचे सर

मी एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आंतरशालेय स्पर्धेत नियम बदलता येत नाहीत, हे आधी स्पष्ट करतो, कारण तिथे जिंकण्याचा प्रश्न असतो आणि ते चूक आहे असेही मी मानत नाही. वर्गाच्या तासात मात्र खो-खोमध्ये पाठलागाचे अंतर कमी करता येते किंवा एखाद्या खेळाडूला दोन खांबांमधल्या निम्म्या भागातच पळण्याची मुभा देता येते. अट एकच: ती बाद झाली तर बाद धरायची. कच्च्या लिंबाची सवलत काढून घेतली की सुरुवातीला मुले कुरकुरतात, तिच्या संघातली मुले जास्त कुरकुरतात.

इंदिरानगरचा पालक

सर, मला जे हवे होते ते हेच आणि यासाठी कोणतीही तारीख लागत नाही. आमच्या पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत मी दिवस बंद करण्याचा ठराव मांडण्याऐवजी खेळाच्या तासाचे नियम हा विषय मांडतो. दिवसांबाबतचे माझे मत मात्र कायम आहे.

चौथीतल्या मुलीची आई

मांडा, पण नियम सभेत ठरवू नका. मैदानात मुलांना ठरवू द्या आणि ते ठरत असताना ती तिथे उभी असू द्या. तिला अर्धे मैदान हवे आहे की पूर्ण, हे तिला सांगता येते.