खिडकी उघडी ठेवावी की बंद? मुलाच्या खोकल्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही वाशीत राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. दिवाळीपासून त्याला रात्रीचा खोकला लागलाय. दोन-तीनच्या सुमारास उठतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. बालरोगतज्ज्ञांनी बालदम्याची शक्यता सांगून स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायचा इन्हेलर दिलाय. सासूबाईंना त्याची सवय लागेल अशी धास्ती होती. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून अगदी कमी पुरतं, हे डॉक्टरांनी समजावल्यापासून आता सासूबाईच आठवणीने देतात. तेव्हा औषधाचा प्रश्न नाही.

प्रश्न खिडकीचा आहे.

शेजारची सिडकोची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडलीय. हिरवं कापड बांधलंय, पण पाणी रोज मारत नाहीत. रात्री पुसलेल्या टेबलावर सकाळी बोटाने रेघ ओढता येते. थंडीत वारा पडला की धूळ-धूर जमिनीलगतच अडकतो, आणि पहाटे तुर्भे-पावण्याच्या कारखान्यांच्या बाजूने उग्र वासही येतो.

म्हणून खिडक्या बंद केल्या. तर पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर कोंदटपणामुळे पुन्हा बुरशी धरली. त्यात डासांची कॉइल आणि सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, म्हणजे सगळा धूर घरातच. कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली, त्या आठवड्यात तो दोनदाच उठला. चिपळूणला आजोळी आठ दिवस होतो, तिथे एकदाही नाही! तिथून परतताना मला खरंच रडू आलं.

हल्ली हवेची गुणवत्ता दाखवणारं 'समीर' अ‍ॅप बघते. हवेचा निर्देशांक ५१ ते १०० असला की 'समाधानकारक' दिसतं. त्यात पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ ची मर्यादा सांगितलीय. लहान मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. मग माझ्या मुलासाठी समाधानकारक म्हणजे नक्की किती धरायचं?

बांधकामाशेजारी राहून लहान मुलांना सांभाळलेल्यांनी कृपया सांगा: खिडक्या दिवसातून कधी उघडता? दुपारी खाडीकडचा वारा सुटल्यावर तासभर उघडून भिंत कोरडी राहते का? हेपा फिल्टरचा प्युरिफायर धुळीला उपयोगी आहे हे वाचलंय, पण ओलीचं काय? भिंत बाहेरून वॉटरप्रूफ केल्याशिवाय बुरशी जातच नाही का? आणि पाणी मारण्याबद्दल महापालिकेकडे तक्रार करून कुणाकडे फरक पडलाय का? पडला असेल तर अर्जात काय लिहिलं होतं, तेही कळवा. मी उद्याच देते.