कॅनडात आपल्या लोकांसाठी क्रिकेट-कबड्डीचं चॅनल काढायचंय, लायसन्सचं काय?

ब्रॅम्प्टनचा_बंड्या

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं मित्र, दोन मराठी, एक पंजाबी, एक गुजराती, ब्रॅम्प्टन-मिसिसागात राहतो. उन्हाळ्यात रविवारी क्रिकेट खेळतो (खेळतो म्हणजे तीन ओव्हर टाकल्या की सोमवारी ऑफिसात खुर्चीतून उठवत नाही). इथे लीगचे सामने चांगले होतात, कबड्डीच्या टुर्नामेंटला तर तोबा गर्दी, पण टीव्हीवर यातलं काहीच नसतं. तर डोक्यात असं आलंय की देसी लोकांसाठीच एक स्पोर्ट्स चॅनल काढायचं, हिंदी-पंजाबी कॉमेंट्री आणि आठवड्यातून दोन तास मराठी.

एक कन्सल्टंट भेटला, तो म्हणतो सीआरटीसीचं (म्हणजे इथल्या टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं) स्पेशल्टी चॅनलचं, म्हणजे एकाच विषयाला वाहिलेल्या चॅनलचं, लायसन्स सहा महिन्यांत मिळवून देतो, 15,000 डॉलर, अर्धे आधी. माझा मेव्हणा नाशिकला असतो, द्राक्षांचा एक्स्पोर्ट आहे, तो 40 टक्के पैसे घालायला तयार आहे आणि अर्थातच 40 टक्के मालकी मागतोय. बायको म्हणते आधी कोणाला तरी विचार. म्हणून विचारतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

केबलचा_कामगार

बंड्याभाऊ, आधी वहिनींना नमस्कार सांगा आणि त्या कन्सल्टंटला एक पैसा देऊ नका.

मी इथे एका देसी चॅनलच्या मास्टर कंट्रोलला बारा वर्षं काढलीत (नाव सांगत नाही, अजून थोडा पगार यायचा बाकी आहे), त्यामुळे हे कागद जवळून बघितलेत. तुम्ही ज्याला लायसन्स म्हणताय ते लहान चॅनलला आता लागतच नाही. 2,00,000 पेक्षा कमी ग्राहक असलेल्या चॅनलला सीआरटीसीची सूट आहे, एक्झेम्प्शन ऑर्डर म्हणतात त्याला. म्हणजे अर्ज करा, तो वेबसाइटवर लागणार, त्यावर कोणीही उठून हरकत घेणार, मग निकाल, ही भानगड नाही. ऑर्डरमधल्या अटी पाळायच्या आणि चालू करायचं. तुमचे 2,00,000 ग्राहक झाले तर मला पेढे पाठवा, तेव्हा लायसन्सचं बघू.

पण सूट म्हणजे मोकाट नाही. मालकीची अट सूट असलेल्यांनाही आहे आणि तुमची गाडी नेमकी तिथेच अडणार. ज्या कंपनीचं चॅनल तिचे मतदानाचे किमान 80 टक्के शेअर कॅनेडियन लोकांकडे पाहिजेत, डायरेक्टर 80 टक्के कॅनेडियन आणि सीईओ पण कॅनेडियन. वर होल्डिंग कंपनी टाकली तर तिच्यात परदेशी माणूस एक तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो. म्हणजे सरळ 40 टक्के मतदानाचे शेअर मेव्हण्याच्या नावावर बसत नाहीत. मेव्हण्याने मत नसलेले शेअर घेतले तर चालतं, पण मग नाशिकहून फोन करून आज कुठली मॅच दाखवायची हे तो ठरवायला लागला तर कागदावर काहीही असो, ताबा त्याचा आहे असं धरतात. आणि मेव्हणे पैसे घालून गप्प बसतात असा माझा तरी अनुभव नाही.

अजून एक, तुमच्या चौघांत कोणी पीआरवर (कायम राहण्याची परवानगी, पण नागरिकत्व नाही) आहे का? पीआरवाला कॅनेडियन धरतात पण नागरिकत्वाला पात्र झाल्यापासून एक वर्षापर्यंतच. दहा वर्षं पीआरवर बसून सिटिझनशिपचा फॉर्म न भरलेले आपल्यात पुष्कळ आहेत, ते या हिशोबात परदेशी.

तात्या_स्कारबरो

कामगारसाहेबांना +१. थोडा इतिहास सांगतो, नव्या पोरांना वाटतं हे सगळं असंच मिळालं.

1997 ला सहारा कपला मी टोरंटोच्या त्या क्लबच्या ग्राउंडवर होतो, गांगुलीने 16 रन्सला 5 विकेट काढल्या ती मॅच याच डोळ्यांनी बघितलीय. स्टँडमध्ये आपले, पाकिस्तानचे, गयानाचे लोक, आणि इथला माणूस औषधालाही नाही. आणि मॅच आपल्या गावात असून घरच्या टीव्हीवर बघायची म्हणजे कटकट. मग लोकांनी काय केलं, अमेरिकेच्या डिश आणल्या, सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या बफेलोचा पत्ता दिला, कार्डं घातली. आमच्या बिल्डिंगमध्ये एक पटेलकाका तेवढंच काम करायचे. 2002 साली इथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की परदेशी डिशचा सिग्नल असा फोडून बघणं बेकायदा, मग काकांनी फर्निचरचं दुकान काढलं.

लायसन्सचं म्हणाल तर 2000 च्या नोव्हेंबरात सीआरटीसीने डिजिटल चॅनलचा एकच मोठा गठ्ठा मंजूर केला. कॅटेगरी वन 21, आणि कॅटेगरी टू किती असतील? 262! कॅटेगरी वन केबलवाल्याला घ्यावंच लागे, कॅटेगरी टूला फक्त परवानगी, केबलवाल्याच्या दारात जाऊन काय ते स्वतः ठरवा. त्या 262 तले फार थोडे पडद्यावर आले, बाकीच्यांचा कागद ठरलेली मुदत संपली की रद्दी. आमच्या ओळखीतल्या एकाने तर मंजुरीचं पत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं होतं, चॅनल कधीच निघालं नाही, फ्रेम मात्र घर बदललं तेव्हाही बरोबर नेली.

आणि तेव्हा अजून एक अट होती, आधीच्या कुठल्याही चॅनलशी थेट स्पर्धा नको. टीएसएन हे इथलं स्पोर्ट्स चॅनल 1984 पासून ठाण मांडून बसलेलं, म्हणजे अर्जात लिहायचं की आम्ही स्पोर्ट्स दाखवणार पण तुमच्यासारखं नाही. क्रिकेटचं बरं होतं, ते इथे कोणी स्पोर्ट धरतच नव्हतं. ती अट 2015 नंतर गेली.

हुतूतू_क्वीन

कबड्डी वाचून आले 😀 बंड्या, एक सांगते, तुझ्या डोक्यात कबड्डी म्हणजे आपली, सात-सात जण, मॅट, बोनस लाइन असेल तर ब्रॅम्प्टन-सरेला जी गर्दी होते ती सर्कल स्टाइलची. मोठं गोल मैदान, एक रेडर, समोर त्याला अडवणारे चार जाफी, अंगाला तेल, आणि पॉइंट म्हणजे जवळजवळ कुस्ती. मी मुंबईत कॉलेजकडून खेळलेय, इथे पहिल्यांदा बघायला गेले तर मला नियमच कळेनात, शेजारच्या पंजाबी आजींनी समजावलं, वर मका पण दिला. तेव्हा मराठी कॉमेंट्रीसाठी माणूस शोधताना याचा विचार कर, आपला प्रो कबड्डीवाला तिथे उभा केलास तर तो पहिल्या रेडलाच गप्प होईल.

भाषेचं मात्र चालतं हां. हॉकी नाइटची (इथला बर्फावरच्या हॉकीचा टीव्ही कार्यक्रम) पंजाबी कॉमेंट्री 2008 पासून आहे, आधी सीबीसी या सरकारी चॅनलकडे होती मग ओम्नी या बहुभाषिक चॅनलवर आली. 2016 च्या फायनलला कॉमेंटेटर हरनारायण सिंगने बोनीनो या खेळाडूच्या गोलला "बोनीनो बोनीनो बोनीनो" केलं ते तर ज्यांना पंजाबीचं अक्षर कळत नाही त्यांनीही शेअर केलं. माझा मुलगा हॉकी बघायला लागला तो त्यामुळेच.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या

सर्वांचे आभार. पीआरवाला गुजराती निघाला, 2014 पासून! फॉर्म भरतो म्हणाला. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही, दिवाळीला फोन होईल तेव्हा बघू.

दोन शंका. इंग्लिश कॉमेंट्री ठेवली तर चालेल का, कारण इथे वाढलेल्या पोरांना हिंदी धड येत नाही. आणि दुसरं, लायसन्स लागत नाही तर मग अडतं कुठे? सगळेच का नाही काढत?

केबलचा_कामगार

इंग्लिशचं आधी. इथे दोन शब्द आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक एथनिक, दुसरा थर्ड लँग्वेज. थर्ड लँग्वेज म्हणजे इंग्लिश, फ्रेंच आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा सोडून कुठलीही, आपली मराठी त्यातच. एथनिक कार्यक्रम म्हणजे कुठल्याही वेगळ्या संस्कृतीच्या समाजासाठी केलेला, फक्त तो समाज मूळ रहिवासी, किंवा फ्रान्स, किंवा ब्रिटिश बेटांतून आलेला नको. म्हणजे गंमत बघा, इंग्रजांचा खेळ, इंग्लिश कॉमेंट्री, पण बघणारे आपण, म्हणून तो एथनिक. हीच मॅच लंडनहून आलेल्या म्हाताऱ्यासाठी दाखवली तर एथनिक नाही. इंग्लिश ठेवा, पण मग थर्ड लँग्वेज चॅनल म्हणून जे फायदे आहेत ते विसरा.

फायदा कुठला तर हा. 2015 च्या धोरणात आहे की केबलवाल्याने एखाद्या भाषेतलं परदेशी चॅनल विकायला ठेवलं तर त्याच भाषेतलं कॅनडातलं एक चॅनलही ठेवायचं, असलं तर. हिंदी-पंजाबीत इथले खेळाडू भरपूर आहेत. मराठीत? तुमचे दोन तास वाढवून बघा, मी एवढंच म्हणतो.

आता अडतं कुठे. तात्यांनी फ्रेमची गोष्ट सांगितली ना, तिथेच. बेल, रॉजर्स, टेलस यांच्यापैकी कोणीतरी तुम्हाला लावलं पाहिजे. आणि 2016 पासून ग्राहकाला एकेक चॅनल निवडून घेता येतं, आधी मोठ्या पॅकेजमध्ये चार जणांबरोबर फुकट जेवून जायचं ते बंद झालं. केबलवाला पहिल्या मीटिंगला विचारतो, तुझ्याकडे असं काय आहे ज्यासाठी माणूस महिन्याला वेगळे पैसे देईल? याचं उत्तर एकच असतं, भारताची मॅच. आणि ती तुम्हाला मिळत नाही. आयसीसीचे हक्क इथे विलो या क्रिकेट चॅनलकडे आहेत, ते ज्या पातळीवर बोली लावतात तिथे मेव्हण्याची सगळी द्राक्षं विकली तरी पोचणार नाही. लोकल लीगचे हक्क फुकट मिळतील पण दाखवणं फुकट नाही, चांगले तीन कॅमेरे, ग्राफिक्स, स्कोअर टाकणारा एक पोरगा, सगळा खर्च. कबड्डीत दोन रेडच्या मध्ये स्पीकरवर गाणी वाजतात, ती हवेत गेली की सोकॅनचा (गाण्यांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी संस्था) हिशोब, तो सुद्धा लोक विसरतात.

माझं मत विचाराल तर चॅनल काढूच नका, स्ट्रीम करा. 2023 च्या ऑनलाइन कायद्यानंतर ऑनलाइनवाल्यांनाही सीआरटीसीकडे नोंदणी आली, पण ती कॅनडातलं वर्षाचं उत्पन्न 1 कोटी डॉलर किंवा वर असेल त्यांना. तुम्ही त्यात नाही. शिवाय ऑनलाइनला ती 80 टक्क्यांची मालकीची अट नाही, नेटफ्लिक्स काय कॅनेडियन आहे का. म्हणजे मेव्हणा 40 टक्के घेऊ शकतो. घ्यावा का, हा घरातला प्रश्न.

रिकामटेकडा_रावसाहेब

एवढं वाचून मला एवढंच कळलं की लायसन्सपेक्षा मेव्हणा अवघड आहे. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

तात्या_स्कारबरो

रावसाहेब 😂

कामगारसाहेबांशी एका बाबतीत मी असहमत. स्ट्रीम ठीक आहे, पण आमच्या वयाची माणसं टीव्हीचा रिमोट सोडून फोनवर येत नाहीत. माझी बायको अजून चॅनलचा नंबर विचारते, लिंक नाही. आणि ज्या म्हाताऱ्यांकडे वेळ आहे, जे खरंच चार तास बसून लोकल मॅच बघतील, तेच तुमचे ग्राहक. पोरं हायलाइट बघून पळतात.

केबलचा_कामगार

तात्या, बरोबर आहे, तो मुद्दा मी चुकलो. पण त्या म्हाताऱ्यांच्या टीव्हीवर आता पोरांनीच काहीतरी बॉक्स लावून दिलेला असतो, त्यात यूट्यूब असतंच. एकदा दाबून दिलं की चालू राहतं. एक सीझन असं काढा, किती लोक किती वेळ बसले याचा आकडा हातात आला की तोच घेऊन केबलवाल्याकडे जा. रिकाम्या हाताने गेलेले मी पुष्कळ बघितलेत.

ब्रॅम्प्टनचा_बंड्या

ठरलं मग. कन्सल्टंटला आज नाही सांगितलं, तर म्हणाला 9,000 मध्ये करतो. तेव्हाच समजलो.

मेच्या तिसऱ्या रविवारी पहिली मॅच स्ट्रीम करतोय, दोनच कॅमेरे, एक माझा एक गुजरातीचा. हिंदी कॉमेंट्री मी, पंजाबी तो दुसरा. हुतूतूताई, मराठीत दहा ओव्हर बोलाल का? मका आमच्याकडून. आणि मिसिसागाच्या बाजूला कोणाकडे उंच ट्रायपॉड पडून असेल तर व्यनि करा, भाड्याने फार महाग सांगतायत.

हुतूतू_क्वीन

येते. पण साइटस्क्रीनच्या मागून बोलायला लावू नकोस, गेल्या वेळी मंडळाच्या मॅचला तेच केलं होतं, मला फक्त अंपायरची पाठ दिसत होती.