हायवेला ऐंशीवर तीन-चार तास बसायचं कसं? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, माझी नोकरी पुण्यात आणि आई-वडील कोल्हापुरात. महिन्यातून एकदा तरी जाऊन येतो, एका बाजूचे साधारण दोनशे तीस किलोमीटर. बाइक साडेतीनशे सीसीची, एक सिलिंडर, घेऊन दोन वर्षं झाली. गावात चालवताना जीव खूश होतो. हायवेला मात्र काटा ऐंशीवर स्थिर ठेवला की त्रास सुरू. खंबाटकी चढेपर्यंत काही वाटत नाही. सुरूर फाटा मागे पडला की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं. कराडपर्यंत दोन्ही खांद्यांच्या मधे गोळा येतो. मागच्या खेपेला घरी पोचलो, आईने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि तो माझ्या हातातून सटकला. ती काही बोलली नाही, फरशी पुसली. मला मात्र फार लागलं.

‘मोठी गाडी घे’ हा सल्ला खूप जणांनी दिला. पण २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावरही दुचाकीला ऐंशीचीच मर्यादा आहे. पुणे-मुंबई द्रुतगती आणि समृद्धी तर आपल्याला बंदच. म्हणजे प्रश्न जास्त पळवण्याचा नाही, ऐंशीच्या आसपास काही तास नीट बसण्याचा आहे, आणि ते साडेतीनशेवर जमलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कुठली गाडी भारी ही चर्चा इथे नको. तुमचं काय दुखत होतं, काय बदललंत, फरक पडला का, एवढं लिहा. नाही पडला तरी लिहा.

कराडहून, गॅरेज चालवतो

दादा, दुखतंय हाताला, पण उगम बहुतेक गाडीत असणार. माझ्याकडे ‘गाडी व्हायब्रेट करते’ म्हणून येणाऱ्यांत इंजिनात खरोखर दोष असलेले थोडेच असतात.

आधी चेन बघा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक हाताने सावकाश फिरवा आणि खालच्या बाजूच्या चेनला बोटाने वर-खाली हलवत राहा. एका जागी सैल, दुसऱ्या जागी ताठ लागली तर ती चेन संपली. कितीही तेल घाला, ऐंशीला फूटरेस्ट थरथरणारच. चेन चांगली असेल तर पाचशे किलोमीटरला एकदा साफ करून ल्यूब मारायचा, तोही चेन कोमट असताना, म्हणजे फेरीवरून आल्या आल्या.

मग इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट. हे कुणी बघत नाही. एक जरी ढिला असला तरी हँडलला झिणझिण्या येतात. किती आवळायचे ते टॉर्क पान्यानेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने बघून घ्या, अंदाजाने नको.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल दोन बोटांनी डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधे येताना टक्क करून खाचेत बसल्यासारखं झालं तर कोन गेले. अशी गाडी सरळ रस्त्यावर आपोआप बारीक-बारीक डुलते, आपण नकळत ती धरून ठेवतो आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. तुमच्या खांद्यांमधल्या गोळ्याचं कारण हे असू शकतं.

आणि हवा. पन्नास किलोमीटर पळालेल्या गरम टायरची हवा तपासली तर दोन-चार पॉइंट जास्तच दिसणार. पंक्चरवाला ‘जास्त आहे’ म्हणून काढतो आणि मग थंड झाल्यावर टायर बसका होतो. सकाळी निघायच्या आधी, गार टायरला, पुस्तकात दिलेली हवा भरा.

एक विनंती सगळ्यांनाच. गळीत हंगामात आमच्या भागातून रात्री जाऊ नका. दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात आणि रस्त्यात पडलेल्या उसावरून पुढचं चाक घसरतं. अशा गाड्या मी टेम्पोतून उतरवून घेतल्या आहेत. चालवणाऱ्याबद्दल विचारायचं धाडस प्रत्येक वेळी होत नाही.

ठाण्याहून

माझा त्रास वाऱ्याचा. ठाणे-नाशिक करतो, इगतपुरीच्या पुढे मोकळं माळरान लागलं की छातीवर कुणीतरी तळहात टेकवून मागे ढकलतंय असं व्हायचं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून नव्वदला गेलात तर वेग दीडपट, पण दाब सव्वादोनपट. गाडी ओढते, अंग ओढत नाही.

म्हणून वारा अडवायला गाडीच्या पुढे उंच काच बसवली आणि आगीतून फुफाट्यात पडलो. आता छातीला वारा नाही, पण काचेवरून सुटलेला गढूळ वारा थेट हेल्मेटवर. डोकं इतकं हलायचं की समोरच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता येईना. दोन महिने वाटलं, हेल्मेटच वाईट.

मग एकदा घोटीच्या पुढे रस्ता रिकामा होता, पाय आखडले म्हणून फूटरेस्टवर क्षणभर उभा राहिलो. डोकं एकदम शांत! वारा जोरात होता, पण स्वच्छ, एका लयीत. खाली बसलो, पुन्हा धडधड. तेव्हा कळलं की हेल्मेट एकतर पूर्ण काचेच्या आड हवं, नाहीतर पूर्ण स्वच्छ वाऱ्यात. मधे असेल तर सगळ्यात वाईट. घरी येऊन काचेवर चिकटपट्टी लावून वरून चार बोटं रुंद पट्टी करवतीने कापली, कड पॉलिश पेपरने घासली. आता वारा खांद्याला लागतो, थोडा हेल्मेटलाही, पण डोकं हलत नाही. नवीन काच घ्यायच्या आधी जुनीवर प्रयोग करा.

चिपळूणहून

मी शाळेत शिकवते. उंची पाच फूट एक इंच. लेक पनवेलला शिकते, तिच्याकडे मुंबई-गोवा हायवेने बाइकवर जाते. गाडी निवडताना सगळ्यात आधी सीटची उंची बघितली. रॉयल एनफील्डची मीटिओर घेतली ती तिची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे म्हणून, त्यांच्याच क्लासिकची ८०५ आहे. चार सेंटीमीटर ऐकायला किरकोळ, पण परशुराम घाटात उतारावर थांबायची वेळ आली आणि पाय पूर्ण टेकला तर मन किती स्थिर राहतं ते उंच माणसांना सांगून कळणार नाही.

तरी सुरुवातीला मनगटं दुखायची. कंपनीत गाडी सरासरी माणसासाठी बसवलेली असते आणि मी ती सरासरी नाही. मेकॅनिककडून हँडलचा क्लॅम्प सैल करून हँडल थोडं माझ्याकडे वळवून घेतलं. मग क्लच आणि ब्रेकचे दांडे खाली केले, इतके की बोटं त्यावर ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष व्हावी. एक पैसा लागला नाही आणि अर्धं दुखणं गेलं. धागा काढणाऱ्या दादांनी हे आजच करून बघावं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं म्हणजे तळहाताच्या त्या कडेची नस दाबली जाते. मनगट वाकवून ग्रिपवर भार टाकला की असंच होतं.

दुसरी गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते. मी प्रवासात पाणीच पीत नव्हते, कारण बायकांना जाण्यासारखी जागा कुठे मिळेल याची खात्री नसते. महाडच्या पुढे डोकं ठणकायचं, डोळ्यांवर झापड यायची. मी ते उन्हावर, रस्त्यावर, वयावर ढकलत होते. डॉक्टरांनी विचारलं, ‘पाणी किती पिता?’ तेव्हा लख्ख कळलं. आता कशेडीच्या अलीकडे-पलीकडे ठरलेली दोन हॉटेलं आहेत, तिथे आधी जाते, मग चहा. तासाला चार-पाच घोट पाणी, मीठ-साखर घातलेलं कोकम बाटलीत. डोकेदुखी गेली. गाडीतले सगळे बदल एका बाजूला आणि हा एक दुसऱ्या बाजूला. बाइक चालवणाऱ्या बायका इथे असतील तर त्यांनी आपापल्या रस्त्यावरच्या चांगल्या जागा लिहाव्यात. त्याची फार गरज आहे.

नागपूरहून

भाऊ, आमच्याकडे मे महिन्यात प्रश्नच वेगळा. नागपूर-अमरावती दीडशे किलोमीटर, पण पारा पंचेचाळीसला गेला की वारा थंड करत नाही, भाजतो. हवा अंगापेक्षा गरम झाली की जितका वेग तितकी जास्त गरम हवा अंगावर. कॉलर उघडी ठेवून जाणारी मुलं बघितली की थांबवून सांगावंसं वाटतं. जॅकेटची जाळी बंद करा, आतला सुती शर्ट ओला करून घाला, गळ्याला ओला दुपट्टा. तळेगावला पुन्हा भिजवायचा. पहाटे पाचला निघून मोझरीला गुरुकुंजात दर्शन घ्यायचं आणि नवाच्या आत अमरावती. नंतरचा प्रवास संध्याकाळी.

सोलापूरहून

कानात फोमचे बोळे घाला. बस्स. वाऱ्याच्या घोंगावण्यानेच अर्धा थकवा येतो हे मला पन्नाशीत कळलं. हॉर्न ऐकू येतात, उलट स्पष्ट येतात.

आणि भीमानगरच्या पुलावर उजनीच्या पाण्यावरून आडवा वारा येतो, तिथे हँडल घट्ट धरू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल सोडा. गाडी थोडी हलू दे, ती स्वतः सरळ होते. ट्रक ओव्हरटेक करताना त्याच्या केबिनपाशी जो झोत बसतो त्यालाही हेच.

डोंबिवलीहून, मागे बसणारी

मागच्या सीटवरचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आम्ही दोघं दरवर्षी गणपतीला कणकवलीला बाइकवर जातो. पहिल्या वर्षी ह्यांनी ब्रेक दाबला की माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर, आणि माझा सगळा भार ह्यांच्या पाठीवरून मनगटांवर. दोघांचीही वाट लागली.

आता निघायच्या आदल्या दिवशी मागचे शॉकअप दोन खाचा वर घेतो आणि मागच्या टायरची हवा डबलसीटची भरतो. नाहीतर गाडीचं बूड खाली बसतं, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट झाडावर पडतो. मी एक हात मागच्या दांड्याला आणि एक ह्यांच्या कमरेला ठेवते, ब्रेक लागला की दांड्यावरचा हात मला धरतो. खांद्यावर एकदा थोपटलं म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांबा. दोनदा थोपटलं की कारण न विचारता थांबायचं, हे ह्यांनी कबूल केलं आहे आणि पाळलं आहे. त्या कबुलीमुळेच मी अजून मागे बसते.

रेनकोट मोठ्या मापाचा घेऊ नका. ऐंशीला तो पालासारखा फडफडतो आणि मागच्याच्या तोंडावर चाबूक बसतो. बाह्यांना वेलक्रोचा पट्टा शिवून घ्या.

डॅलसहून

मूळ सांगलीचा. इथे आंतरराज्य महामार्गावर मर्यादा बऱ्याच ठिकाणी ताशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटर, आणि सगळे त्याच वेगाने जातात. साडेतीनशेने त्या लोंढ्यात शिरायची भीती वाटते. माझ्याकडे ६४८ सीसीची जोड-सिलिंडर आहे, तिकडे जी इंटरसेप्टर म्हणून ओळखता तीच. इथे तिचं नाव आयएनटी ६५०. इंजिन त्या वेगाला शांत असतं. दुखायचं ते माझं अंगच.

मी ताठ बसायचो, बापाची बुलेट बघत मोठा झालो म्हणून असेल. १२० ला ताठ बसलं की वाऱ्याने मागे जाऊ नये म्हणून दोन्ही हात सतत ओढत राहतात. कंबरेतून थोडं पुढे झुकायला लागलो, तेव्हा वारा छातीला उचलून धरतो आणि हात मोकळे होतात. तुमच्या ऐंशीला इतकं झुकायला नको, पण समोरून वारा असेल त्या दिवशी थोडं करून बघा. पाठ गोल करायची नाही, पोट आत घेऊन कंबरेतून वाकायचं.

धागा काढणारा, महिन्याने

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करून बघितलं.

कराडच्या दादांनी सांगितलेला खेळ घरीच केला. चेन एका जागी ताठ होती, सहा हजार किलोमीटर मी त्यावर नुसतं तेल घालत होतो. सेट बदलला. इंजिनचा वरचा एक बोल्ट अर्धा फेरा फिरला. कोन ठीक निघाले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे ब्रेकचा दांडा खाली घेतला, चांगला बोटभर. इतके दिवस मी मनगट वर वाकवून चालवत होतो हे त्यानंतरच जाणवलं.

परवा पुन्हा गेलो. पहाटे साडेपाचला कात्रजचा बोगदा, काटा पंचाहत्तर ते ऐंशी. सुरूरला थांबून दोन्ही हात समोर धरून बघितले, बोटं जागी होती. उंब्रजच्या आसपास करंगळीला हलक्या मुंग्या आल्या, तेव्हा लक्षात आलं की एक टँकर मागे लागला होता म्हणून मी ग्रिप आवळली होती. त्याला पुढे जाऊ दिलं, हात सैल सोडले, पेठनाक्यापर्यंत मुंग्या गेल्या. कानात बोळे होते. किणीला उतरलो तेव्हा रस्त्याचा आवाज नेहमीसारखा डोक्यात घुमत नव्हता. त्या शांततेची मला सवयच नव्हती. घरी आईने तांब्या दिला, दोन्ही हातांनी धरून प्यालो.

खांद्यातला गोळा अजून आहे, निम्मा. मला वाटतं सीट पुढे उतरती आहे, मी घसरत टाकीला भिडतो आणि हातांनी मागे सरकत राहतो. फोम बदलून ती सपाट करून घ्यायची आहे. कोल्हापुरात नाहीतर पुण्यात, शक्यतो समोर बसवून माप घेणारा कुशनवाला कुणाला माहीत असेल तर कळवा. आणि चिपळूणच्या ताईंनी विचारलेल्या जागा प्लीज लिहा, पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या मी या रविवारी बायकोला विचारून टाकतो.