मदत हवी आहे: कॅम्परची हाऊस बॅटरी (फ्रिज-पंखे-दिव्यांसाठीची वेगळी बॅटरी) पहाटेपर्यंत टिकत नाही

चाकावरचं घर:
मुक्काम पेडणे. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली आहे. पलंगाखाली १५० एएचची (ॲम्पिअर-तास) घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी, अडीच वर्षं जुनी. लोड असा: १२ व्होल्टचा ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज, १२ व्होल्टचेच प्रत्येकी २४ वॅटचे दोन पंखे, एलईडी दिवे, दोनेक तास लॅपटॉप. इन्व्हर्टर रात्रभर चालूच असतो. चार्जिंग फक्त इंजिनवरून, रिलेमार्फत (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच). रात्री ९ ला इंजिन बंद केलं की पहाटे ४ च्या सुमारास फ्रिज एरर देऊन थांबतो. पंखे मात्र फिरत असतात. बॅटरी गेली का? थेट लिथियम टाकू का?

सोल्डर आणि सोलकढी:
पंखे फिरतात आणि फ्रिज थांबतो, तेव्हा आधी वायर बघा. पण हिशेब मांडून घेऊ. गोव्याच्या उकाड्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर निम्म्याहून जास्त वेळ चालतो, म्हणजे सरासरी २५ वॅट धरा. पंखे ४८. रिकामा इन्व्हर्टर १२ ते १५ वॅट खातो, हा खर्च कुणी धरतच नाही. सात तासांचे लॅपटॉप-दिव्यांसकट सुमारे ७८० वॅट-तास, म्हणजे ६५ एएच. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे १५० पैकी ७५ एएचच आपले. नवी बॅटरी असती तरी ४ पर्यंत जेमतेमच.

आता वायर. फ्रिजला १.५ स्क्वेअर एमएमची वायर असेल आणि अंतर पाच मीटर, तर जाऊन-येऊन दहा मीटर, रेझिस्टन्स ०.१२ ओहम. कॉम्प्रेसर ४ ॲम्पिअर घेतो तेव्हा अर्धा व्होल्ट वायरीतच जातो, सुरू होताना त्याहून जास्त. बॅटरीवर १२ असले तरी फ्रिजला ११.५ सुद्धा मिळत नाहीत. त्यात फ्रिजचं लो-व्होल्टेज सेटिंग (किती व्होल्टला बंद व्हायचं ते) 'हाय'वर असेल (ते गाडीच्या स्टार्टर बॅटरीसाठी असतं) तर फ्रिज लवकर कटणारच. ६ स्क्वेअर एमएम वायर टाका, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, सेटिंग 'मीडियम' करा.

बॅटरीची परीक्षा: पूर्ण चार्ज करून सगळा लोड काढा, चार तास थांबा, १२.५ ते १२.७ व्होल्ट यायला हवेत. मग ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब आठ तास लावा. अंदाजे ३७ एएच, म्हणजे पाव बॅटरी गेली. बल्ब काढून तासाभराने १२.३-१२.४ दिसले तर ठीक. १२.१ किंवा कमी असेल तर क्षमता निम्म्यावर आलीय. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी; आकडा कमी म्हणजे सेल कमी भरलेला) सहाही सेल तपासा.

चाकावरचं घर:
देव बरें करूं! वायर १.५ चीच निघाली. घरच्या चार्जरवर रात्रभर ठेवून मोजलं: पाच सेल १.२३५ च्या आसपास, एक १.१६०.

खारा वारा:
तो १.१६० वाला सेल लंगडा आहे. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, १४.४ व्होल्टवर आणखी १५-१६ तास देऊन पाहा. तेवढ्यानेही वर आला नाही तर बॅटरी बदलायचीच.

मूळ कारण चार्जिंग. लेड-ॲसिडचा शेवटचा २० टक्के भाग भरायला चार-पाच तास लागतात. पणजी ते काणकोण दोन तासांच्या ड्राइव्हने ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि क्षमता घटते. शिवाय पलंगाखालची ट्यूब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा खोका बंद करून बाहेर नळी काढाच.

लिथियम घ्यायची तर १०० एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). १२८० वॅट-तास, त्यातले ११५० आरामात वापरता येतात, वजनही ट्यूब्युलरच्या पाव. पण आहे त्या रिलेवर जोडू नका, ती एकसारखा मोठा करंट ओढून अल्टरनेटर तापवते. मध्ये ३० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंटला मर्यादा घालणारा) हवा. दोन तासांत ६० एएच परत येतात.

सोलर लावलंत तर गाडी माडाखाली उभी करून उपयोग नाही. एका झावळीची सावली पॅनलचं उत्पादन धुळीला मिळवते. आणि किनाऱ्यावर राहणार असाल तर वायरीच्या टोकांना टिन केलेलेच (कथिलाचा थर दिलेले) लग वापरा, वर हीट-श्रिंक आणि पेट्रोलियम जेली. साधा तांब्याचा लग हिरवा पडतो आणि तिथेही व्होल्टेज पडतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर लेड-ॲसिड महिन्याला एकदा भरा. लिथियम ५०-६० टक्क्यांवर ठेवून निगेटिव्ह काढून टाका.