पान उघडण्यापूर्वीच्या स्क्रिप्ट-चुका: लपवायच्या की टाळायच्या?

अर्धविराम (धागालेखक)

'पानाच्या अगदी वर विंडो.ऑनएररला एक लहान फंक्शन जोडा आणि त्यातून ट्रू परत करा, म्हणजे पान उघडत असतानाच्या चुकांची कटकट कायमची मिटेल,' असा सल्ला देणारे एक टिपण वाचनात आले. त्याखालची आभारांची रांग पाहून सविस्तर उत्तर देणे भाग पडले. विंडो.ऑनएरर म्हणजे पानातली एखादी स्क्रिप्ट (जावास्क्रिप्ट कोड) चुकली की ब्राउझर जिथले फंक्शन बोलावतो ती जागा. ट्रू (म्हणजे 'हाताळली') परत केल्याने ब्राउझर ती चूक कन्सोलमध्ये, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांसाठीच्या नोंदींच्या खिडकीत, नोंदवत नाही, एवढेच घडते. जी स्क्रिप्ट ज्या ओळीवर थांबली ती तिथेच थांबलेली राहते आणि त्यापुढच्या ओळींत ज्या बटणाला काम नेमून द्यायचे होते ते बटण निकामीच राहते. जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चूक सांगणारी चौकट थेट वाचकासमोर उघडू शकत असे, त्या काळी हा उपाय समजण्यासारखा होता. आज तो निव्वळ पुरावा नष्ट करतो.

या चुकांचे मूळ बहुधा क्रमात असते. ब्राउझर एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ मजकूर, वरून खाली वाचत जातो आणि हेडमध्ये (सुरुवातीच्या, न दिसणाऱ्या भागात) साधी स्क्रिप्ट लागली की वाचन थांबवून आधी ती चालवतो. त्या वेळी बॉडीतले (दिसणाऱ्या भागातले) घटक तयारच झालेले नसतात, त्यामुळे घटक शोधणारे गेटएलिमेंटबायआयडी नल (म्हणजे 'काहीच नाही') देते आणि त्या नलवर घटकाला काम जोडणारे अ‍ॅडइव्हेंटलिसनर बोलावले की टाइपएरर येतो. बाहेरच्या फाइलला डिफर ('नंतर चालव' ही खूण) लावले तर ती समांतर उतरते, एचटीएमएल वाचून झाल्यावर लिहिलेल्या क्रमानेच चालते आणि डॉमकंटेंटलोडेड (पानाचे घटक तयार झाल्याचा इशारा) त्यानंतर येतो. एवढा सरळ मार्ग असताना तोंड दाबण्याचा सल्ला का द्यावा?

तळटीप

सरळ मार्ग म्हणता, पण त्यातले खड्डे सांगत नाही. डिफर फक्त बाहेरून आणलेल्या फाइलला लागू होते. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. आमच्याकडे कोणीतरी असाच लेख वाचून जेक्वेरीला (डॉलरच्या चिन्हाने बोलावल्या जाणाऱ्या तयार फंक्शनांच्या फाइलला) डिफर लावले आणि पानात जागोजागी विखुरलेले, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे सगळे तुकडे रेफरन्सएरर (नाव सापडले नाही ही चूक) देऊन पडले, कारण ते जेक्वेरीच्या आधी चालू लागले. जुन्या पानांवर काम करणाऱ्यांना असा अर्धा सल्ला फार महागात पडतो.

अर्धविराम

हे मान्य करावे लागेल, जरी यातून माझा मुद्दाच सिद्ध होतो: तो दोषही क्रमाचाच आहे. ते तुकडे बाहेरच्या फाइलमध्ये नेऊन तिलाही डिफर लावावे, किंवा मॉड्यूल (तशी खूण केलेली स्क्रिप्ट) करावे, कारण पानात लिहिलेले मॉड्यूलसुद्धा वाचन संपेपर्यंत थांबते. एसिंक ही खूण मात्र इथे वापरू नये. ती लावलेली फाइल उतरताक्षणी चालते आणि क्रमाची कोणतीही हमी देत नाही.

पाणवठा

आपण दोघेही स्वतःच्या कोडविषयी बोलत आहात, म्हणून ही चर्चा मला अपुरी वाटते. मी ज्या पानाची देखभाल करतो त्यावर जाहिरातींच्या, मोजणीच्या आणि गप्पांच्या खिडकीच्या स्क्रिप्ट दुसराच विभाग मला न विचारता टाकतो. त्यांतली एखादी पडली की जाब मला विचारला जातो, आणि हातात येतो तो फक्त 'स्क्रिप्ट एरर' एवढाच संदेश, कारण परक्या ठिकाणच्या फाइलचा तपशील ब्राउझर मुद्दाम झाकून ठेवतो. अशा वेळी मी ट्रू परत केले तर माझे काय चुकले?

तळटीप

स्क्रिप्टला क्रॉसओरिजिन (परक्या सर्व्हरची परवानगी तपासायला लावणारी खूण) लावा, तपशील दिसेल.

पाणवठा

समोरच्या सर्व्हरने फाइलसोबत परवानगीचा हेडर (माहितीची ओळ) पाठवला तरच दिसेल. तो नसेल तर क्रॉसओरिजिन लावलेली स्क्रिप्ट चालतच नाही. मी ते करून पाहिले, गप्पांची खिडकी बंद पडली आणि त्याचाही ठपका माझ्यावरच आला. परक्याचे कोड कधी सांभाळले नसेल तर कृपया एका ओळीचे उपाय सुचवू नका.

रिकामा_कंस

आवाज चढवण्यापूर्वी माझा अनुभव ऐकावा. एका अर्जाच्या पानावर बटणाच्या ऑनक्लिकमध्ये (दाबल्यावर काय चालवायचे त्या जागी) फंक्शनचे नाव लिहिलेले होते आणि ते फंक्शन एका मोठ्या फाइलच्या शेवटी होते. संथ जोडणीवर बटण आधी दिसे आणि फाइल बरीच नंतर पोहोचे. अर्जदार बटण दाबत, रेफरन्सएरर येई आणि पडद्यावर काहीही होत नसे. आमच्या नोंदवहीत मात्र एकही चूक नव्हती, कारण आधीच्या कोणीतरी वर नेमके हेच ट्रू परत करणारे फंक्शन बसवले होते आणि आमची नोंद कन्सोलवर आधारलेली होती. अर्ज न पोहोचलेल्या माणसांचे फोन येऊ लागले तेव्हा कुठे शोध सुरू झाला. त्या अर्जदारांचे जे नुकसान झाले त्याचा मला आजही संताप येतो, म्हणून हा सल्ला निरुपद्रवी आहे असे माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

पाणवठा

तुमच्या पानावर झाले ते वाईटच झाले, परंतु तो दोष सरसकट गिळण्याचा आहे. झाकलेल्या चुकीत फाइलचे नाव रिकामे येते आणि ओळ शून्य असते. तेवढ्याच गाळाव्यात आणि स्वतःच्या फाइलमधल्या सगळ्या नोंदवाव्यात, इतपत मी मागे येतो. विंडो.ऑनएरर मात्र काढणार नाही.

अर्धविराम

काढा असे मी म्हटलेलेच नाही. ते पहिल्याच स्क्रिप्टमध्ये, स्वतंत्र असावे, कारण ज्या फाइलमध्ये वाक्यरचनेची चूक आहे ती फाइल मुळीच चालत नाही आणि तिच्यातला पहारेकरीही बसत नाही. गाळण्याबाबत तुमचे म्हणणे नाइलाजाने स्वीकारतो.

तळटीप

आणि डॉमकंटेंटलोडेडवर विसंबणाऱ्या उशिरा आलेल्या स्क्रिप्टचे काय? ती घटना होऊन गेली असेल तर लिसनर (तिची वाट पाहणारे फंक्शन) कधीच चालत नाही. आधी रेडीस्टेट (पानाची त्या क्षणाची अवस्था) लोडिंग आहे का ते तपासावे आणि नसेल तर काम लगेच करावे. हे तुमच्या मूळ लेखात असायला हवे होते.

अर्धविराम

ही भर योग्य आहे. फक्त लोड या नंतरच्या घटनेची वाट पाहण्याची सवय कोणी त्यातून उचलू नये, कारण लोड चित्रे आणि आयफ्रेम (पानात बसवलेली दुसरी पाने) पूर्ण होईपर्यंत थांबतो आणि तोवर वाचकाने बटण दाबलेलेही असते.

रिकामा_कंस

म्हणूनच आमच्या अर्जाचे बटण आता फॉर्मचे खरे सबमिट आहे. स्क्रिप्ट पोहोचली तर ती तपासणी करते आणि न पोहोचल्यास अर्ज थेट सर्व्हरकडे जातो.