ऑक्टाव्हिया आरएसला बाहेरचा एअर इनटेक बसवावा का?

मनीषनगर_आरएस
नमस्कार मंडळी. 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, 2.0 टीएसआय (टर्बो पेट्रोल), 230 पीएस (अश्वशक्ती). रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) वगैरे काही नाही, सगळं कंपनीचंच. रोज नागपुरात मनीषनगर ते मिहान, आणि महिन्यातून एकदा समृद्धीने शिर्डी. एका दुकानदाराने उघड्या कोन फिल्टरचा इनटेक (इंजिनात हवा घेणारा भाग) दाखवला. बसवून 38 हजार सांगतो आणि 15-20 पीएस वाढतील म्हणतो. आवाज ऐकून जीव हरखला, खोटं कशाला बोलू. पण आपल्या उन्हाळ्यात कोणी वापरून पाहिलाय का?

त्रिमूर्तीनगरचा_काका
भाऊ, घाई करू नका. माझी गाडी हीच आहे, आणि असाच कोन दोन उन्हाळे वापरून मी काढून ठेवलाय.

आधी कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरची पेटी) खरंच हवा अडवतो का, ते मोजा. मी जुन्या एअरबॉक्सचं झाकण मिळवलं, फिल्टरनंतरच्या बाजूला बारीक भोक पाडून नळी बसवली. ती नळी खिडकीतून आत आणली आणि पारदर्शक यू-नळीला जोडली. नळीत लाल रंग घातलेलं पाणी. यू-नळी चांगली मीटरभर उंच घ्या, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. पहाटे रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला, भाचा शेजारी बसून मोबाईलवर शूट करून राहिला होता. पाण्याच्या दोन पातळ्यांत फरक आला 24 सेंटिमीटर. फिल्टर काढून पाहिला तर घड्यांत सिमेंट रोडची पांढरी धूळ ठासून भरलेली. नवा कागदी फिल्टर टाकला, फरक 18 वर आला.

आता हिशेब बघा. वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचे साधारण 1033 सेंटिमीटर. 18 म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. जगातला उत्तमातला उत्तम इनटेक लावला तरी तेवढंच परत मिळणार, म्हणजे फार तर चार पीएस. त्यातही टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने हवा किती दाबून भरायची, हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो, फिल्टर थोडा अडवत असेल तर टर्बो जरा जास्त फिरून भरपाई करतो. स्टॉक मॅपवर (कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर) 15-20 पीएस येणार कुठून?

उष्णतेचं तर वेगळंच. मे महिन्यात, बाहेर 43 डिग्री असताना, कोनाजवळ थर्मामीटरचा प्रोब बांधून निघालो. रहाटे कॉलनी चौकातल्या सिग्नलला थांबलो तोवर प्रोबवर 68. तेवढ्या गरम हवेची घनता बाहेरच्या हवेपेक्षा सात टक्क्यांनी कमी होते. दोन टक्के कमवायला गेलो आणि सात घालवले! गाडी धावायला लागली की आकडा उतरतो, पण आपलं शहरातलं चालवणं म्हणजे सिग्नल ते सिग्नल. कंपनीचा बॉक्स पुढच्या जाळीतून हवा घेतो, त्याच सिग्नलला तो 49 च्या वर गेला नाही. नवतप्यात तर कोनाचं नावच काढू नका.

हिंगणारोड_गॅरेज
काकांशी सहमत. धुळीचंही बघा. कोराडी-खापरखेड्याकडे जाणं असेल तर तिथल्या वीज केंद्रांची राखही आलीच. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, बारीक कण त्याची पाती झिजवतात. तेल लावलेला कापडी फिल्टर असेल तर धुतल्यावर तेल जास्त लावू नका. ज्या गाड्यांत एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर असतो, तिथे ते तेल त्याच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं. अशा दोन गाड्या याच वर्षी माझ्याकडे आल्या.

काटोलरोड_स्टेज2
मी थोडं वेगळं सांगतो. माझी गाडी रिमॅप केलेली आहे, डाउनपाइपही (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदललाय. हवा 30 टक्के जास्त लागली की अडथळा जवळपास 70 टक्क्यांनी वाढतो, तेव्हा इनटेकला अर्थ येतो. पण बंद पेटीचा घ्या, ज्याचं तोंड पुढच्या जाळीशी घट्ट बसतं. मी तोच घेतला आणि खूश आहे. टर्बोचा तो श्वास ऐकू येतो, मला रोज आनंद देतो. विमा कंपनीला कळवून मगच बसवला, तेवढं तुम्हीही करा.

मनीषनगर_आरएस
सगळ्यांचे आभार. माझा फिल्टर आत्ताच काढून पाहिला, तळाशी चक्क पळसाची दोन वाळकी पानं निघाली. नवा कागदी फिल्टर मागवलाय, रिमॅपपर्यंत इनटेक थांबवतो. काका, ते भोकवालं झाकण रविवारी मिळेल का?

त्रिमूर्तीनगरचा_काका
या, सकाळी सहाला. उशीर केला तर वर्धा रोडवर ट्रक लागतात.