गिझर पाणी नीट तापवत नाही, कॉइल गेली का?

प्रश्न: गिझर २००० वॅट, २३० व्होल्टचा. चालू असताना सॉकेटवर १९० व्होल्ट, क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजतात तो) ७.२ अँपिअर. बंद केला की २२८ व्होल्ट. कॉइल बदलू का?

प्रतिसाद १: नको. रोध = १९० ÷ ७.२ = २६.४ ओहम. लेबलवरून २३० × २३० ÷ २००० = २६.४५. कॉइल ठणठणीत आहे. पॉवर मात्र १९० × ७.२ = १३६८ वॅटच, म्हणून वेळ लागतो.

प्रतिसाद २: क्लॅम्प एकाच वायरवर लावा हं, फेज-न्यूट्रल दोन्ही धरल्या तर शून्य दिसतं.

प्रतिसाद ३: खरी काळजी गिझर चालू केल्यावर पडणाऱ्या त्या ३८ व्होल्टची (२२८ − १९०)! ३८ × ७.२ = २७४ वॅट उष्णता वायरिंगमध्ये, बहुधा एखाद्या सैल जोडात निघतेय. गिझर आधी बंद करा. मेन पाडून इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रलचे स्क्रू, सॉकेटची टर्मिनलं तपासा. पिन काळी पडली असेल तर सॉकेट बदलाच.